अल्बम ‘प्रदर्शित’ होत नाही, निघतो

प्रश्न असा आला आहे : ‘मी मित्रांसाठी दर महिन्याला नव्या संगीताची यादी मराठीत लिहितो. या वेळचा मथळा होता, “भूमिगत इलेक्ट्रॉनिक आणि पर्यायी संगीतात या महिन्यात प्रदर्शित झालेले नवे अल्बम”. एकाने वाचून विचारलं, ही महापालिकेची निविदा आहे का? रिलीज, अंडरग्राउंड, ऑल्टरनेटिव्ह यांना मराठीत नक्की काय म्हणायचं?’

मित्र मार्मिक आहे. ‘भूमिगत’ म्हटलं की गटार योजना आठवते आणि ‘पर्यायी’ म्हटलं की पुढे रस्ता बंद असल्याची पाटी. पण मला तुमच्या मथळ्यात जास्त खटकतं ते क्रियापद, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

‘प्रदर्शित’मध्ये दृश् धातू आहे, म्हणजे बघायची गोष्ट. सिनेमाला तो चालतो, तोही छापील मराठीत. घरात कोणी ‘प्रदर्शित झाला’ म्हणत नाही, पिक्चर ‘लागतो’. आता २०१५च्या जुलैपासून जगभर नवे अल्बमही पिक्चरसारखे शुक्रवारीच बाहेर पडतात, तरी अल्बम काही ‘लागत’ नाही. लागायला थेटर लागतं.

‘प्रकाशित’ त्यातल्या त्यात बरा. ‘ध्वनिफितीचे प्रकाशन’ हे वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं छापून आलेलं आहे. अडचण अर्थाची नाही, त्याच्यासोबत येणाऱ्या लवाजम्याची आहे. मराठीत प्रकाशन म्हटलं की मान्यवर आले, दीपप्रज्वलन आलं, शाल-श्रीफळ आलं आणि रंगीत कागद फाडून एकेक प्रत छातीशी धरलेला फोटो आला. कोणी रात्री दोन वाजता झोपायच्या खोलीत बसून पाच तुकडे बँडकँपवर, म्हणजे कलाकार आपलं संगीत स्वतःच विकतात त्या संकेतस्थळावर, चढवले, तर ते कोणाच्या हस्ते झाले म्हणायचे? हिंदीतलं ‘विमोचन’ शब्दशः रिलीजच्या सगळ्यात जवळ जातं, दोन्हींचा मूळ भाव मोकळं करण्याचा. पण मराठी कानाला विमोचन म्हटलं की आधी ऋण आठवतं. ‘सोडणे’चा मोह होतो खरा. धरणातून पाणी सोडतात, आषाढीला जादा गाड्या सोडतात, पुड्या तर बारा महिने सोडतात. पण ‘त्याने अल्बम सोडला’ म्हटलं की त्याने नाद सोडला असंच ऐकू येतं.

‘ड्रॉप’ची गत याहून वाईट. पोरं सर्रास म्हणतात, ‘अल्बम ड्रॉप झाला.’ ज्या पिढीने ‘बारावीला ड्रॉप घेतला’ हे वाक्य घराघरात दबक्या आवाजात ऐकलंय, तिला ही आनंदाची बातमी आहे हे समजावून सांगावं लागतं. त्यात नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात ‘ड्रॉप’ला आणखी एक, अगदी वेगळा अर्थ आहे. ताण चढवत नेतात, खालचा ठोका काढून घेतात, श्रोता अधांतरी राहतो आणि मग ठोका आणि खर्ज एकदम कोसळतात, ती जागा म्हणजे ड्रॉप. दोन्ही अर्थ एका वाक्यात आले की गोंधळ ठरलेला. (या दुसऱ्या ड्रॉपला ‘सम’ म्हणावं का, असं मला एकाने विचारलं होतं. म्हणू नये. सम दर आवर्तनाला येते, ड्रॉप असा हिशेबाने येत नाही. पण वाट बघायला लावण्याची गंमत दोन्हीकडे आहे, हे कबूल.)

आता मराठीत पडून असलेला, कोणीही न घडवलेला शब्द बघा. कॅसेटचा जमाना आठवत असेल तर दुकानातला हा संवादही आठवेल :

‘नवी कॅसेट आली का हो?’

‘निघालीय. आपल्याकडे आली नाही अजून.’

काढणे, निघणे, येणे. रिलीजचं सगळं काम मराठी या तीन क्रियापदांत करते, आणि इंग्रजीपेक्षा बारकाईने करते. ‘काढणे’ला कर्ता लागतो, म्हणजे कोणी काढला ते सांगावंच लागतं. मासिक काढतात, शाळा काढतात, दिवाळी अंक काढतात आणि त्यासाठी कर्जही काढतात. शेफील्डमध्ये सुरू झालेल्या वॉर्प या संगीत कंपनीने काढलेला अल्बम वेगळा आणि कलाकाराने पदरमोड करून स्वतःच काढलेला वेगळा. ‘सेल्फ-रिलीज्ड’ला ‘स्वयंप्रकाशित’ लिहिलंत तर काजवा डोळ्यांपुढे येईल. ‘स्वतःच काढलाय’ म्हणा, पुरे. ‘निघणे’त कर्ता मागे सरतो, वस्तू तेवढी बाहेर पडते. आणि ‘येणे’ ही ऐकणाऱ्याच्या बाजूची क्रिया. मुंबईहून गाडी निघाली म्हणजे ती सोलापुरात आली असं होत नाही. मधे अंतर असतं, आणि आडबाजूच्या संगीतात हे अंतर कधी कधी पंचवीस-तीस वर्षांचं असतं.

उदाहरण घरचंच आहे. चरणजित सिंग मुंबईत हिंदी सिनेमांच्या वाद्यवृंदांत वाजवायचे. रोलंड कंपनीची तीन नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रं, म्हणजे ठेका देणारं टीआर-८०८, खर्जाचं टीबी-३०३ आणि सूर काढणारं ज्युपिटर-८, हाताशी घेऊन त्यांनी ललित, तोडी, भूपाळी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड १९८२ साली एचएमव्हीने काढली. फारशी खपली नाही. पुढे १९८७मध्ये शिकागोच्या फ्यूचर या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ निघाली, त्याच ३०३चा तो पिळवटलेला आवाज जगभर गाजला आणि ‘ॲसिड हाउस’ नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार रूढ झाला. २०१०मध्ये बॉम्बे कनेक्शन या डच कंपनीने सिंग यांची रेकॉर्ड पुन्हा काढली, तेव्हा ऐकणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली : हे तर पाच वर्षं आधीचं आहे! त्यांचं ऐकून शिकागोवाल्यांनी केलं, असं कोणी म्हणू नये. तसा काही धागा नाही, यंत्रं तेवढी एक होती. पण शब्दाच्या दृष्टीने बघा. इंग्रजीत १९८२ची रिलीज आणि २०१०ची री-रिलीज. मराठीत मी म्हणेन, रेकॉर्ड १९८२ला निघाली आणि २०१०ला आली.

दुसरं उदाहरण अहमदाबादचं, आणि ते उलट्या बाजूने जातं. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, १९६९मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराने मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर घडवणारं यंत्र, बसवून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा वगैरे मंडळींनी पुढची दोन-तीन वर्षं तिथे प्रयोग केले, ध्वनिमुद्रणं केली, आणि फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल पुरगस या ब्रिटिश कलाकाराने त्या धुंडाळून काढल्यावर २०२३मध्ये ‘द एनआयडी टेप्स’ हा अल्बम निघाला. हा ‘नवा’ अल्बम म्हणायचा का? तुमच्या यादीत हा प्रश्न दर महिन्याला पडणार, कारण जुन्या फिती शोधून काढणाऱ्या छोट्या कंपन्या आता पुष्कळ आहेत. सिंग यांची रेकॉर्ड ‘पुन्हा निघाली’. एनआयडीचं संगीत पन्नास वर्षांपूर्वी ‘झालं’, पण निघालं २०२३मध्येच. म्हणून ते खुशाल नव्यात धरा, पुढे ‘ध्वनिमुद्रण १९६९ ते ७२’ एवढं लिहा.

‘अल्बम’ला हात लावू नका. लग्नाचा अल्बम आपल्याकडे पाळण्याच्या फोटोंइतकाच घरचा झालाय. शब्दाचा प्रवास मात्र सांगण्याजोगा आहे. लॅटिनमध्ये ‘आल्बुस’ म्हणजे पांढरा. रोममध्ये चुना फासलेल्या पांढऱ्या फळ्यावर सरकारी फर्मानं लोकांसाठी लिहीत, तो ‘आल्बुम’. पुढे कोरी पानं असलेली वही, मग त्या वहीत सह्या, तिकिटं, फोटो. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटं मावत, म्हणून मोठी रचना अनेक तबकड्यांवर घेऊन त्या कागदी खिशांच्या जाड बांधणीच्या वहीत घालून विकत. १९४८मध्ये कोलंबियाची लाँगप्ले आली, सगळं एका तबकडीत मावायला लागलं, वही गेली आणि नाव राहिलं. ‘संग्रह’ लिहिलंत तर लोक कवितांचा समजतील.

याच पांढऱ्या रंगाची दुसरी गंमत तुमच्या अंडरग्राउंडात आहे. तबकडीच्या मधला गोल कागद कोरा ठेवून थोड्याच प्रती दाबायच्या आणि त्या डीजेंच्या हाती द्यायच्या, याला ‘व्हाइट लेबल’ म्हणतात. त्यावर ना कलाकाराचं नाव, ना कंपनीचं. रोमन फळा सगळ्यांना कळावं म्हणून पांढरा आणि ही तबकडी कोणाला कळू नये म्हणून! मराठीत मात्र ‘कोरी तबकडी’ म्हणू नका, आत काही नाहीच असं वाटेल. ‘बिननावाची’ म्हणा.

आता ‘भूमिगत’. हा शब्द आपल्याकडे बेचाळीसचा आहे. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत गुप्त रेडिओ चालवला, तो भूमिगत. अंगावर वॉरंट असेल तर माणूस भूमिगत होतो. त्यामुळे ‘भूमिगत कलाकाराचा नवा अल्बम’ वाचून पहिला प्रश्न पडतो तो, पोलिसांना कळलं का?

विलायतेत एके काळी हा प्रश्न गैरलागू नव्हता, हे मात्र सांगायला हवं. लंडनमध्ये उंच इमारतींच्या गच्च्यांवर चोरून एरियल लावून नवं नृत्यसंगीत वाजवणारी बेकायदा रेडिओ केंद्रं होती. त्यातल्या १९९४मध्ये सुरू झालेल्या रिन्स एफएमला परवाना मिळाला तो थेट २०१०मध्ये. त्याच १९९४ साली ब्रिटिश संसदेने उघड्यावरच्या रात्रीच्या रेव्ह पार्ट्या मोडून काढायला पोलिसांना अधिकार दिले, आणि कोणत्या संगीतावर ते वापरायचे हे सांगताना कायद्यात व्याख्या घातली. तिचा सारांश असा, की जे संगीत पूर्णतः किंवा मुख्यतः एकामागून एक येणाऱ्या आवर्ती ठोक्यांनी ओळखलं जातं, तेही यात धरावं. माझ्यासारख्या शब्दवेड्याला ही व्याख्या म्हणजे मेजवानी आहे. ‘आवर्ती’ म्हणजे किती वेळा? बाकी आपला त्रितालही या व्याख्येतून सुटेल असं वाटत नाही. ऑटेकर या इलेक्ट्रॉनिक संगीतकारांच्या दुकलीने कायदा व्हायच्या आधीच त्याच्याशी शब्दशः भांडण मांडलं. त्यांच्या ‘अँटी’ या ईपीवर, म्हणजे छोट्या अल्बमवर, सूचना होती की ‘फ्लटर’ या तुकड्यात कोणत्याही दोन आवर्तनांतले ठोके सारखे नाहीत, तरी डीजेंनी तो वाजवताना वकील आणि संगीतशास्त्रज्ञ सोबत ठेवावा. या काळाबद्दल लिहीत असाल तर ‘भूमिगत’ बिनदिक्कत लिहा, शोभेल. आज रीतसर पैसे भरून डाउनलोड करायच्या अल्बमला ‘अंडरग्राउंड’च राहू द्या. मराठी वाचकाला तो कळतो.

‘ऑल्टरनेटिव्ह’ला ‘पर्यायी’ नको, कारण पर्याय हा मूळ गोष्ट मिळाली नाही तर घ्यायचा असतो. आपल्याकडे समांतर सिनेमा आहे, समांतर रंगभूमी आहे. मुख्य रुळाच्या शेजारून आपली गाडी नेणारे, असा भाव त्यात आयता आहे. ‘समांतर संगीत’ म्हणा.

तर मथळा : ‘या महिन्यात निघालेले अल्बम : अंडरग्राउंड इलेक्ट्रॉनिक आणि समांतर’. यात एक सोयही आहे. मथळ्यात अल्बम नुसता ‘निघाला’ म्हणायचं आणि खाली प्रत्येकाबद्दल लिहिताना तो कसा निघाला ते सांगायचं : झकास निघाला, फुसका निघाला, की नाव मोठं आणि आत गेल्या वर्षीचेच ठोके निघाले.