'कुलसचिव' मधलं कुल कुठलं, सचिव कुठला?

प्रश्न असा आहे: विद्यापीठाच्या रजिस्ट्रारला आपण 'कुलसचिव' का म्हणतो? रजिस्टर म्हणजे नोंदवही, आणि सहकारी संस्थांच्या रजिस्ट्रारला 'निबंधक' म्हणतातच. मग इथे 'कुलनिबंधक' का नाही?

आधी 'कुल'. मराठीत हा शब्द दोन वाटांनी आला. कुलमुखत्यारपत्रातलं कुल अरबी. अर्थ सगळं, एकूण. कुलसचिवातलं संस्कृत, गुरुकुलातलं. म्हणूनच 'कुल सचिव' असं तोडून लिहिलेलं मला खटकतं, ते 'एकूण सचिव' असं वाचलं जातं. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंत आश्रमापाशी येतो तेव्हा 'कुलपती इथे आहेत का?' असं विचारतो, ते कण्वांबद्दल. हाच 'कुलपती' आपण चान्सेलरला दिला, व्हाइस चान्सेलर झाले कुलगुरू. हिंदीत मात्र व्हाइस चान्सेलरच कुलपती म्हणवले जात. राजस्थानने २०२५ मध्ये कायदा बदलून 'कुलगुरु' केलं. हिंदी बातमीचं मराठी करताना हे जरूर तपासावं.

आता 'सचिव', आणि माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. मूळ धातू सच्, सोबत असणे. पण मराठीला हा शब्द ओळखीचा झाला तो अष्टप्रधानांमुळे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर 'सुरनीस' या फारसी पदनामाचा 'सचिव' झाला. त्याचं काम काय? राजपत्रं तपासायची, कमीजास्त अक्षर दुरुस्त करायचं आणि पत्रावर संमतीचं चिन्ह करायचं.

केंब्रिज विद्यापीठात रजिस्ट्रारचं पद १५०६ पासून आहे (तिथे आजही 'रजिस्ट्ररी' म्हणतात). आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे अभिलेख आणि विद्यापीठाची मोहोर कुलसचिवाच्या ताब्यात असते. शिवाय अधिसभा, व्यवस्थापन परिषद आणि विद्यापरिषद या तिन्हींचा सचिवही तोच. एवढं सगळं 'निबंधक' या शब्दात मावत नाही, त्यात नोंदवही तेवढी येते. कागद तपासणारा आणि त्यावर खूण उमटवणारा माणूस 'सचिव' मध्ये आधीपासूनच आहे.

लिहिताना 'कुलसचिव' एकच शब्द, आणि त्या पदावर बाई असल्या तरी 'कुलसचिव' च.