साडेसातच्या जेवणाचा निकाल साडेपाचलाच लागतो

तुमची पोस्ट दोनदा वाचली. दीड वर्षाचा मुलगा, दोघांची नोकरी, घरी पोचायला सात. मग त्याच्यासाठी वेगळं काहीतरी मऊ शिजवायचं, त्याने दोन घास खाऊन तोंड फिरवायचं, नऊला रडारड, शेवटी दुधाची बाटली आणि झोप. त्याच्या वाटीतलं उरलेलं तुम्ही ओट्याशी उभ्याने संपवता. आणि विचारलंय काय, तर वीस मिनिटांत होणाऱ्या पौष्टिक शाकाहारी पदार्थांची यादी. आमच्या घरी अगदी हेच चालायचं, म्हणून जरा लांब लिहितो. मुलगी आता शाळेत जाते आणि आमच्याबरोबर आमचंच जेवण जेवते. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. घरातला रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे आहे, एवढाच माझा अधिकार.

पदार्थ सांगतो, पण आधी एक प्रश्न. पाळणाघरात संध्याकाळी साडेपाच-सहाला त्याला काय देतात? दुपारच्या जेवणाचं नाही विचारत, ते सगळे सांगतात. घ्यायला जायच्या आधीच्या तासाभराचं विचारतोय.

आमच्या पाळणाघराचं नाव लिहीत नाही. सांभाळणाऱ्या बायका खरंच मायाळू होत्या, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. रोज वही घरी यायची आणि त्यात ठरलेलं वाक्य असायचं, ‘जेवण पूर्ण, संध्याकाळी खाऊ’. खाऊ म्हणजे काय, असं विचारलं की उत्तर यायचं, ‘थोडंसंच हो, सगळ्यांना देतो तेच.’ आम्ही घरी पदार्थ बदलत राहिलो. आज हे नाही आवडलं, उद्या ते करून बघू. रंगीत ताटल्या आणल्या, पोळीचे ससे कापले. एका संध्याकाळी मी लवकर पोचलो तेव्हा सगळी पोरं रांगेत बसलेली, प्रत्येकाच्या हातात बिस्किटं आणि समोर साखर घातलेल्या दुधाचा मोठा पेला. पेला संपेपर्यंत कुणाला उठू देत नव्हते. वेळ पावणेसहाची!

पाळणाघराच्या ऑफिसात विचारलं तर कारण कळलं. पालक न्यायला येतात तेव्हा मुलं भुकेने किरकिर करताना दिसली तर बरं दिसत नाही. म्हणजे मूल दारात हसतखेळत हातात द्यायचं आणि पुढचं घरच्यांनी बघून घ्यायचं. आमच्या मुलीला तेवढं देऊ नका म्हटलं, तर म्हणे अर्ज द्या. अर्ज दिला, तर म्हणे नियम सगळ्यांना सारखा. मग म्हणे डॉक्टरांची चिठ्ठी आणा. डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी दिवसभरातल्या दुधाचा हिशेब विचारला. सकाळचं, पाळणाघरातलं, रात्रीच्या बाटलीतलं असं सगळं धरून बेरीज लिटरच्या आसपास गेली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी, लोहाची कमतरता. औषध सुरू झालं, चिठ्ठी मिळाली, पेला थांबला आणि त्याच्या जागी चारच्या सुमाराला फळ आलं. ज्या डाळभाताकडे ती ढुंकून बघत नव्हती, तो डाळभात ती साडेसातला मागून खायला लागली. पाककृती तीच, एक दाणा बदलला नव्हता.

राग अजून आहे, कारण ते महिने आम्ही स्वतःच्या हाताच्या चवीला दोष देत काढले आणि ‘सगळ्यांना देतो तेच’ म्हणणाऱ्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. असो.

दुधाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण ‘जेवला नाही तर निदान दूध तरी पोटात जाऊ दे’ हे वाक्य प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच. दूध चांगलंच आहे, पण त्यात लोह जवळजवळ नसतं. शिवाय त्यातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन दुसऱ्या अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाहीत. वर पोट भरतं ते वेगळंच. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 7 ते 8 मिलिग्रॅम लोह लागतं. शाकाहारी घरात ते डाळी, कडधान्यं, तीळ, धान्य अशांतून थोडं थोडं गोळा करावं लागतं, आणि वनस्पतींतलं लोह मुळातच कमी शोषलं जातं. त्यात दुधाने भूकही मारली तर ते येणार कुठून? आम्हाला सांगितलेली मर्यादा दिवसाला अर्धा लिटर, दही-पनीर खात असेल तर त्याहून कमी. तुमच्या मुलासाठी किती, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. तो फिकट दिसत असेल किंवा माती खात असेल तर माझ्या उत्तरावर अजिबात थांबू नका.

दुसरं म्हणजे वर्ष झाल्यावर भूक कमी होतेच. पहिल्या वर्षात वजन जन्माच्या जवळजवळ तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात मात्र जेमतेम दोन-अडीच किलोच वाढतं. म्हणजे ‘आधी किती छान खायचा’ ही तुलना करायचीच नाही.

आता पदार्थ. माझं ठाम मत असं की मुलासाठी वेगळा पदार्थ करणं आजपासून बंद करा. एकच भांडं. मीठ-तिखट घालायच्या आधी त्याचं वाटीभर बाजूला काढा, मग तुमचं तुम्हाला हवं तसं करा. या वयाला दिवसभरात मीठ 2 ग्रॅमपेक्षा जास्त नको असं ब्रिटनमधल्या सरकारी मार्गदर्शनात सांगतात, आणि सपाट छोट्या चमच्यात मीठ 5 ग्रॅमच्या वरच बसतं. पाव-बिस्किटांतलंही त्यातच धरायचं. त्यामुळे बाजूला काढलेल्या वाटीत मीठ घातलं नाही तरी त्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते आपल्या जिभेचं.

आमच्याकडे सोमवार ते शुक्रवार मसूर डाळीवर चालतं, म्हटलं तरी चालेल. भिजवावी लागत नाही, साध्या भांड्यातही वीस मिनिटांत शिजते. तिच्यात टोमॅटो आणि लाल भोपळा घातला की एक दिवस भातावर. दुसऱ्या दिवशी तीच घट्ट आटवून, लसूण आणि टोमॅटो वाढवून पास्त्यावर घालायची, मुलांना सॉस म्हणून चालते. तिसऱ्या दिवशी उरलेलीत पीठ भिजवून पोळ्या. डाळीच्या पिठाची धिरडीही पटकन होतात, त्यात किसलेलं गाजर किंवा दुधी, वर दही. टोफू किंवा पनीर हाताने कुस्करून मटारबरोबर परतलं की दहा मिनिटांचं काम. एवढंच. पाच-सहा पदार्थ आलटून पालटून पुरतात. मोठ्या माणसांना कंटाळा येतो म्हणून आपण यादी शोधतो, मुलाला तेच तेच हवं असतं.

लिंबू मात्र विसरू नका. गॅस बंद केल्यावर वरून पिळा, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं आणि डाळीतलं लोह शोषायला त्याचीच मदत होते. लिंबू नको असेल तर जेवताना संत्र्याच्या दोन फोडी. आणि पालकावर फार भिस्त ठेवू नका. लोहासाठी म्हणून आपण पालक कोंबतो, पण त्यातल्याच इतर काही घटकांमुळे ते लोह अंगी फारसं लागत नाही. भाजी म्हणून उत्तम, औषध म्हणून नाही.

तेल-लोणी घालताना हात आखडू नका. दोन वर्षांच्या आत मुलाचं जेवण ‘लो फॅट’ करायचं नसतं. इवलंसं पोट, त्यात नुसत्या कोंड्याच्या पोळ्या आणि सॅलड गेलं तर पोट भरतं आणि ताकद मिळत नाही. आपला डाएट आपल्यापाशी ठेवावा.

सात वाजता तो भुकेने कासावीस असेल, तेव्हाची युक्ती सांगतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त कामाला आली ती हीच. बिस्किट देऊ नका, जेवणातलाच पहिला पदार्थ द्या. फ्रीजरमधले मटार तीन-चार मिनिटांत शिजतात. जरा चेपून वाटीत द्या आणि त्याला स्वयंपाकघरातच बसवा. किंवा रविवारी उकडून ठेवलेल्या रताळ्याच्या मऊ फोडी. तुमचं होईपर्यंत त्याचं निम्मं जेवण झालेलं असतं आणि त्याला पत्ताही नसतो. मग टेबलावर दोन घासच खाल्ले तरी खाऊ दे. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी वाटणी करून ठेवली आहे: काय, कधी आणि कुठे वाढायचं ते आईवडिलांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, ते मुलाने. ऐकायला सोपं आहे, पण आजी समोर बसलेली असताना पाळून दाखवा! नवीन पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो तेव्हा कुठे मूल तो तोंडात घालतं. म्हणून एकदा थुंकला की ‘त्याला भोपळा आवडत नाही’ असं जाहीर करू नका. भाज्या वाटून लपवण्याच्या मी विरोधात आहे. त्याला भोपळा ओळखता यायला हवा. इथे माझ्याशी भांडणारे बरेच आहेत, त्यांचंही ऐका.

रविवारी छोले-राजमा उकडून छोट्या डब्यांत फ्रीजरमध्ये टाकले की आठवडा हलका जातो. राजम्याची मात्र काळजी घ्या. रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि नवीन पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळवा, मग पुढचं शिजवा. कच्च्या राजम्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनाने जोरदार उलट्या होतात आणि मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये ते नष्ट होत नाही. कुकरच्या शिट्ट्यांत हा प्रश्न येत नाही. भात उरला तर तासाभरात गार करून फ्रीजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी संपवा, एकदाच आणि वाफ येईपर्यंत गरम करा. ओट्यावर रात्रभर राहिलेला भात मुलाला नको. त्यातल्या जिवाणूंचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही.

अख्खे शेंगदाणे, बदाम, काजू पाच वर्षांपर्यंत नाहीत. कूट करून द्या किंवा त्यांचं लोणी पातळ फासा. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे. कच्चं गाजर किसून किंवा वाफवून. हे तुम्हाला माहीत असेल, पण दमलेल्या रात्री माणूस विसरतो. शेंगदाणा, तीळ, सोया पहिल्यांदा देताना थोडंच द्या आणि त्या दिवशी दुसरं नवीन काही नको. दूध-दहीही खात नसाल, पूर्ण वनस्पतीजन्य आहार असेल, तर बी-12 वेगळं द्यावंच लागतं. ते डाळीतून येत नाही. त्याचा डोस इथे कुणी सांगितला तरी घेऊ नका, डॉक्टरांकडून घ्या.

रात्रीची बाटली एकदम तोडायला जाऊ नका, आम्ही रोज थोडं थोडं कमी केलं. आणि दात घासल्यानंतर दूध नाही, एवढं पहिल्या दिवसापासून.

पाळणाघरात उद्या ‘काय खाल्लं’ असं विचारू नका, ‘शेवटचं किती वाजता आणि किती’ असं विचारा. वहीवर विसंबू नका, जमलं तर एकदा न सांगता लवकर जा. दिवसभराच्या दुधाची बेरीज इथे लिहिलीत तर पुढचं बोलू. तोपर्यंत नवीन पदार्थ एकही करू नका.