'पुनर्संयोजन' नको, 'फेरजोडणी' घ्या

विचारणा: सांगलीतल्या विज्ञान प्रदर्शनाच्या फलकावर 'मॅग्नेटिक रिकनेक्शन'ला (प्लाझ्मातल्या चुंबकीय बलरेषा तुटून नव्या जोडीदाराशी जुळतात, त्याला) 'चुंबकीय पुनर्संयोजन' लिहिले तर चालेल का?

नको. 'स'पुढे 'पुनर्'चा 'पुनः' होतो, म्हणून 'पुनःसंयोजन'. पण ती चूक किरकोळ. खरी अडचण अशी की सुटा इलेक्ट्रॉन आयनाला मिळून पुन्हा अणू बनतो, त्यालाही (रिकॉम्बिनेशनला) पुनःसंयोजनच म्हणतात, आणि प्लाझ्मा (आयन आणि सुटे इलेक्ट्रॉन झालेला वायू) थंडावताना प्रयोगाच्या त्याच टाकीत तेही घडते.

'पुनर्जोडणी' म्हटले की वीजबिल आठवते. थकबाकी भरली, तीच तार त्याच घराला. इथे बलरेषांचा जोडीदार बदलतो. समजा मिरज जंक्शनात दोन गाड्या मधोमध सोडल्या आणि एकीचे मागचे डबे दुसरीच्या पुढच्यांना लावले. डबे तेच, गाड्या नव्या. 'फेर'मध्ये 'पुन्हा' आहे तसा बदलही आहे. सातबाऱ्यावरचा फेरफार पाहा, जमीन तीच, नाव दुसरे. म्हणून फेरजोडणी. (बलरेषा म्हणजे तार नव्हे, हे फलकावर लिहाच.)

अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या एमआरएक्स (मॅग्नेटिक रिकनेक्शन एक्सपेरिमेंट) यंत्रात हे १९९५पासून करतात. निर्वात टाकीत दोन कडी समोरासमोर असतात, प्रत्येकात दोन प्रकारची वेटोळी. टाकीत थोडा हायड्रोजन सोडतात. एका वेटोळ्याच्या प्रवाहाने बलरेषा उभ्या राहतात, दुसऱ्याच्या झटक्याने वायूचा प्लाझ्मा होतो. मग पहिला प्रवाह उतरवला की रेषा आपापल्या कड्याकडे मागे ओढल्या जातात आणि मधे विजेच्या प्रवाहाचा भाकरीच्या पापुद्र्यासारखा पातळ थर बनतो. फेरजोडणी तिथे. वायू जास्त झाला तर टकरी वाढतात आणि ती रेंगाळते. शास्त्रज्ञ स्वीट आणि पार्कर यांचे १९५०च्या दशकातले गणित याच संथ चालीचे. त्याने सौरज्वाला (फेरजोडणीमुळे सूर्यावर होणारा स्फोट) भडकायला महिने लागतील, सूर्यावर काही मिनिटे पुरतात. वायू कमी केला की टकरी घटतात, थरात आयन इलेक्ट्रॉनांपासून फटकून वागतात आणि वेग वाढतो. चुंबकीय क्षेत्र मोजायच्या सळया जाड असल्या तर त्याच प्लाझ्मा बिघडवतात.

'प्रयोगशाळेत सौरज्वाला' असेही लिहू नका. तिथे ज्वाला नसते, आकारही हातभर. फलकावर एवढे पुरे: 'सौरज्वालेमागची चुंबकीय फेरजोडणी, टाकीतल्या प्लाझ्मात'.