वाचकांचे प्रश्न : ओढ्यातलं तेल, नदीतली मळी

प्रश्न : शेताकडेच्या ओढ्यात साचलेल्या पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसतो. जवळ कारखाना नाही, गॅरेजही नाही. हे तेल येतं कुठून? (एक वाचक, पलूस)

उत्तर : आधी ते तेलच आहे का, हे बघा. तवंगात काठी फिरवा. त्याचे पापुद्र्यासारखे तुकडे पडले आणि तसेच वेगळे राहिले, तर ती लोहजिवाणूंची साय. खाली तांबूस गाळ दिसेल. तिच्यापासून काही धोका नाही. तेल असेल तर काठी काढताच तवंग पुन्हा सांधला जातो, बहुधा वासही येतो.

तेल निघालं तरी फार मोठी गळती शोधू नका. ०.३ मायक्रॉन जाडीचा थरसुद्धा रंगीत दिसतो. म्हणजे एक लिटर तेल सुमारे ३,३०० चौरस मीटर, आपल्या हिशेबानं जवळपास ३३ गुंठे पाणी रंगवतं. वरच्या अंगाला गळकं डिझेल इंजिन किंवा ओढ्यात धुतलेला ट्रॅक्टर एवढं कारण पुरतं.

प्रश्न : हायवेवर टँकर उलटून डिझेल ओढ्यात उतरलं, तर अग्निशमन दल येईपर्यंत गावकऱ्यांनी काय करावं? आमचा ओढा दोन किलोमीटरवर कृष्णेला मिळतो. (ग्रामपंचायत सदस्य, कराड तालुका)

उत्तर : टँकरवरच्या पाटीवरचा चार आकडी क्रमांक लांबूनच वाचा आणि ११२ ला कळवताना तो सांगा. १२०२ म्हणजे डिझेल, १२०३ म्हणजे पेट्रोल. पेट्रोल असेल तर पुढचं काहीही करू नका. त्याची वाफ जड असते, ओढ्याच्या खोलगटातून सरपटत जाते आणि लांबच्या मोटरच्या ठिणगीनंही पेट घेते. माणसं वारा जिकडून येतो त्या बाजूला हलवा. डबे घेऊन तेल भरायला धावणाऱ्यांना कसंही करून थांबवा.

डिझेल असेल तर हाताशी वेळ असतो. ओढ्याचा वेग सेकंदाला २० सेंटिमीटर धरला, तर दोन किलोमीटरला पावणेतीन तास लागतात. पहिले फोन खालच्या अंगाच्या नळपाणी योजनेला आणि उपसा सिंचनवाल्यांना करा. जॅकवेलमध्ये (नदीकाठच्या उपशाच्या विहिरीत) तेल गेलं की पाइपलाइन धुता धुता जीव जातो.

मग तेलाच्या पुढे, जिथे काठ उंच आणि पात्र अरुंद आहे अशी जागा गाठा. तिथे बांध घालायचा, पण पाणी वाहू देणारा. आडवा बंद बांध घातला की तासाभरात पाणी वरून उलटतं आणि सगळ्यात आधी तेलच पलीकडे जातं, कारण ते वर तरंगत असतं. म्हणून मातीच्या पोत्यांच्या बांधातून सहा इंची पीव्हीसी पाइप तिरके घाला. तेलाकडचं तोंड तळाजवळ, पलीकडचं तोंड वर. खालचं पाणी निघून जातं, तेल मागे साचतं. बांधाच्या आतल्या अंगाला ताडपत्री अंथरा, नाहीतर पोत्यांच्या फटीतून झिरपेल.

पाइप किती? रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार करा. दोन मीटर रुंद, १५ सेंटिमीटर खोल आणि सेकंदाला २० सेंटिमीटर वेग, म्हणजे सेकंदाला ६० लिटर. दोन्हीकडच्या पातळीत फूटभर फरक असेल तर सहा इंची पाइप सेकंदाला साधारण २० ते २५ लिटर नेतो. तेव्हा तीन पाइप घाला, चौथा जवळ ठेवा. हमखास चुकतं ते आतल्या तोंडाच्या खोलीत. ते पाण्याखाली निदान फूटभर नसेल तर वर भोवरा पडतो आणि तेल त्यातून ओढलं जातं. भोवरा दिसला की पलीकडचं तोंड आणखी उचला, आतली पातळी चढेल.

बांधाच्या खाली, दुसरी फळी म्हणून, कोरडं पाचट कांद्याच्या जाळीदार पिशव्यांत भरून दोरीनं ओवा आणि ओढ्यावर तिरकं ताणा. काटकोनात नको. काडी टाकून बघा. २० सेकंदांत ती सात मीटरच्या पुढे गेली, तर आडव्या अडसराखालून तेल निसटणारच. पाचट पाणीही पितं आणि काही तासांत बुडायला लागतं, त्यामुळे पिशव्या बदलत राहा. तेलकट पाचट बांधावर पेटवू नका. ते घातक कचऱ्यात जमा होतं, झाकणाच्या पिंपात भरा.

साबणाची पावडर टाकून तवंग ‘घालवण्याचा’ उपाय कुणीतरी सुचवतंच. तेल जात नाही, बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळतं, आणि मग ते कुठलाच बांध अडवू शकत नाही. माशांच्या कल्ल्यांना साबणही तितकाच घातक.

प्रश्न : माझं मिरजेत गॅरेज आहे. जळकं ऑइल सेंट्रिंगवाले घेऊन जातात. चालेल का? (एक वाचक)

उत्तर : नाही. वापरलेलं ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतं. ते अधिकृत पुनर्प्रक्रियाकाराकडेच जायला हवं आणि ९० दिवसांहून जास्त साठवता येत नाही. काँक्रीट चिकटू नये म्हणून सेंट्रिंगच्या प्लेटांना लावलेलं ऑइल पहिल्या पावसात गटारात उतरतं.

२१० लिटरचं पिंप काँक्रीटवर, छपराखाली ठेवा. भोवती साडेतीन बाय चार फुटांचा, नऊ इंच उंचीचा कट्टा बांधा. पिंप फुटलं तरी सगळं ऑइल त्यात मावतं. कट्ट्याला निचऱ्याचं भोक ठेवू नका (गवंडी सवयीनं ठेवतो). कूलंट, थिनर, पेट्रोल त्यात मिसळू नका. भेसळ झालेलं पिंप घ्यायला कुणी तयार होत नाही आणि शेवटी ते नाल्यातच रिकामं होतं. फिल्टर गरम असतानाच भोक पाडून रात्रभर निथळत ठेवा.

प्रश्न : वळवाच्या पहिल्या पावसानंतर नदीत मासे मरून वर येतात. पाण्याचा नमुना आम्ही घेतला तर उपयोग होईल का? (एक वाचक, भिलवडी)

उत्तर : दिशा कळायला होईल, कोर्टात नाही. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळानं रीतसर नोटीस देऊन, दोन भाग करून, सील केलेला सांडपाण्याचा नमुनाच पुरावा धरला जातो. म्हणून मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले की लगेच महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगलीच्या कार्यालयाला कळवा. दुपारपर्यंत पाण्यातल्या प्राणवायूचा आकडा बदलतो. उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतं, पहाटेचा आकडा सगळ्यात खरा.

कारण बहुतेक वेळा तेल नसतं. उन्हाळाभर नाल्यांत साचलेलं सांडपाणी आणि मळी एकदम नदीत लोटली जाते. डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशचा (मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचा) बीओडी, म्हणजे ते कुजताना लागणारा प्राणवायू, लिटरला ४०,००० मिलिग्रॅमच्या पुढे असू शकतो, नदीत सोडायच्या सांडपाण्याला मर्यादा ३० ची. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो.

तरी नमुना घ्यायचाच, तर नाल्याच्या वर एक आणि खाली एक घ्या. बाटली बुडबुडा न राहता काठोकाठ भरा, बर्फात ठेवा आणि सहा तासांत प्रयोगशाळेत पोचवा. तेलाचा नमुना मात्र काचेच्या बाटलीतच. प्लास्टिकला तेल चिकटतं आणि आकडा कमी येतो. ती बाटली नदीच्या पाण्यानं विसळायचीही नाही.

प्रश्न : कोकणात समुद्रकिनारी पायाला डांबर चिकटतं. ते आपल्या नद्यांतून जातं का? (एक वाचक, वाई)

उत्तर : नाही. कृष्णा पूर्वेला, बंगालच्या उपसागराला मिळते. कोकणातले ते गोळे जहाजांतून आणि समुद्रातल्या तेलविहिरींतून सुटलेल्या तेलाचे. पायाला लागलं तर रॉकेल नको. खोबरेल चोळा, फडक्यानं पुसा, मग साबण.