टीसीएल टाकतो, तरी शेवटच्या नळाला क्लोरीन का नाही?

प्रश्न : मी गावचा जलसुरक्षक आहे. आमची टाकी 50 हजार लिटरची. रोज अंदाजे दोन ओंजळी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो. तरीही आरोग्यसेवक शेवटच्या वस्तीत ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून केलेली चाचणी; क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं) करतात तेव्हा पाणी पांढरंच राहतं. पावडर वाढवली की टाकीजवळची घरं वासाची तक्रार करतात. काय करावं? (नाशिक जिल्हा)

उत्तर : आधी ओंजळ बंद करा. किराणा दुकानातल्यासारखा एक साधा तराजू घ्या. 1000 लिटरला 5 ग्रॅम हे रोजचं माप धरलं, तर तुमच्या भरलेल्या टाकीला 250 ग्रॅम लागते. टाकी अर्धीच भरली असेल तर निम्मी. तुमच्या तक्रारीमागे बहुधा हेच आहे. पाणी कमी असलं तरी ओंजळी दोनच पडतात, त्यामुळे एक दिवस वास येतो आणि दुसऱ्या दिवशी काहीच हाती लागत नाही.

मग पावडरीकडे बघा. ताज्या टीसीएलमध्ये साधारण 33 टक्के क्लोरीन असतं. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, पत्र्याच्या खोलीत तापलं की ते उडून जातं आणि मागे उरतो निव्वळ चुना. 20 टक्क्यांच्या आसपास आलेली पावडर वजनाने बरोबर घातली तरी काम अर्धंमुर्धंच करते. पोतं लाकडी फळीवर, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी, तोंड घट्ट बांधून ठेवा. दोन वर्षांचा साठा एकदम घेण्यात कसलीही बचत नाही.

टाकायची रीतही महत्त्वाची आहे. प्लॅस्टिकच्या बादलीत पावडरीचा आधी लगदा करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि दहा-पंधरा मिनिटं निवळू द्या. वरचं नितळ पाणी टाकी भरत असताना आत येणाऱ्या धारेजवळ ओता, म्हणजे ते आपोआप मिसळतं. तळाचा चुना टाकीत जाऊ देऊ नका, तो व्हॉल्व्ह आणि नळांत जाऊन बसतो. पत्र्याची बादली नको. पाणी सोडण्याआधी किमान अर्धा तास थांबा.

विहिरीत टाकायचं असेल तर पाणी असं मोजा : व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये) गुणिले 785. उत्तर लिटरमध्ये येतं. 4 मीटर व्यास आणि 3 मीटर पाणी असेल तर 37,680 लिटर, म्हणजे सुमारे 190 ग्रॅम टीसीएल.

एवढं करूनही शेवटी रंग येत नसेल तर एकाच सकाळी तीन ठिकाणी ओटी टेस्ट करा : टाकीच्या बाहेर पडणाऱ्या नळाला, गावाच्या मध्यावर आणि शेवटच्या घरी. नळीत खुणेपर्यंत पाणी, पाकिटावर लिहिलेले थेंब, आणि रंग दहाएक सेकंदांत वाचायचा; उशीर केला की फसवा पिवळेपणा दिसतो. तपासलेलं पाणी माणसं किंवा गुरं पिणार नाहीत अशा जागी ओता.

टाकीजवळच पांढरं असेल तर दोष पावडरीत, मापात किंवा वेळेत. टाकीजवळ 0.5 मिलिग्रॅम प्रति लिटर आणि मध्ये एकदम शून्य असेल तर दोष पाइपात. गटारातून गेलेली, सांध्यात गळणारी लाइन शोधा. पाणी बंद असताना त्याच भोकातून घाण आत ओढली जाते आणि क्लोरीन तिच्यावरच खर्च होतं. नळाला थेट मोटार लावणारे हे ओढणं आणखी वाढवतात. अशा ठिकाणी पावडर वाढवणं म्हणजे गळकी बादली भरत बसणं. शेवटच्या नळाला 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटर मिळायलाच हवं. पावसाळ्यात पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीने निवळून घ्या, गाळाआड लपलेल्या जंतूंपर्यंत क्लोरीन पोचत नाही.

प्रश्न : 300 घरं, 1500 लोक, 5 एचपीचा पंप. पाणीपट्टी किती ठेवावी यावरून ग्रामसभेत दरवर्षी भांडण होतं. (सातारा जिल्हा)

उत्तर : आकडा रुपयांत नव्हे, आधी युनिटांत काढा. जल जीवन मिशनच्या माणशी 55 लिटरने रोज 82,500 लिटर लागतात. गळती धरून सुमारे 97 हजार. एकूण 50 मीटर उंचीवर 5 एचपीचा बरा पंप तासाला 13-14 हजार लिटर देतो, म्हणजे सात तास. मोटार तासाला पावणेपाच युनिटच्या आसपास खाते. महिन्याचे जवळपास हजार युनिट, घरटी सव्वातीन. त्याला तुमच्या बिलावरचा दर लावा. त्यात जलसुरक्षकाचं मानधन, टीसीएल आणि मोटार जळाली तर लागणारा खर्च, हा वर्षाचा आकडा बाराने आणि मग घरांच्या संख्येने भागून मिळवा. हा हिशोब फळ्यावर मांडला की वाद बराच शमतो. दोनशेच घरांनी पट्टी भरली तर तेच हजार युनिट घरटी पाच होतात, हेही त्याच फळ्यावर लिहा.

तास सातावरून नऊवर गेले तर बिलाआधी पंप तपासा. टाकीचा बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करून पाणी 10 सेंटिमीटर चढायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. आतला व्यास 5 मीटर असेल तर तेवढं पाणी 1,960 लिटर होतं. नवा पंप ते आठ-नऊ मिनिटांत भरतो. बारा लागली तर पंपाचा पंखा झिजला आहे, विहिरीची पातळी खाली गेली आहे किंवा चढत्या लाइनला गळती आहे.

प्रश्न : बोअरच्या पाण्यात फ्लोराइड निघालं. उकळून प्यावं का? (यवतमाळ जिल्हा)

उत्तर : नाही. उकळल्याने पाणी आटतं आणि फ्लोराइड आणखी दाट होतं. टीसीएलचाही उपयोग नाही. लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर असेल तर तो बोअर पिण्यासाठी बंद ठेवा, भांडी-कपड्यांना चालेल. गावातली उथळ विहीर आधी तपासून घ्या, तिच्यात प्रमाण कमी असू शकतं.