बोलेरोच्या मागच्या ड्रमला हात लावण्याआधी

भावा, जुन्या बोलेरोचे मागचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक टाकायची तुझ्यासारखी हौस मलाही होती. डिस्क आणि तिला पॅडने आवळणारे कॅलिपर मिळतात, ब्रॅकेट लेथवाला करून देतो. मेख पुढे आहे. कॅलिपरचा पिस्टन मोठा, त्याला ड्रममध्ये ब्रेक शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरपेक्षा जास्त ब्रेक ऑइल लागतं. पेडल दाबल्यावर ते ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर जुनाच ठेवलास तर पेडल खोल जाईल. मागचं प्रेशर आवरणारा व्हॉल्व्हही ड्रमच्या हिशोबाचा असतो. ते गणित चुकलं की पावसात मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी आडवी फिरते. शिवाय हँडब्रेक! त्याची सोय नसलेला कॅलिपर बसवून घेतलेला माझा एक मित्र अजून डिकीत लाकडी ठोकळा घेऊन फिरतो.

तसंही ब्रेकचा मोठा भार पुढची चाकंच उचलतात. म्हणून आधी ड्रम उघड. व्हील सिलिंडरचं रबरी बूट नखाने हळूच उचलून बघ. आत ओलं दिसलं तर सिलिंडर बदल. ब्रेक शूवरचं लायनर तपास, शू आणि ड्रममधलं अंतर राखणारा अ‍ॅडजस्टर मोकळा कर, ब्रेक ऑइलला दोन वर्षं झाली असतील तर तेही बदल. मग वरंध घाट दुसऱ्या गिअरवर उतरून बघ. तरीही डिस्कच हवी वाटली, तर काम धरण्याआधी विमा कंपनीकडून लेखी विचारून घे.