समीक्षा लिहायची म्हणतेस, तर ऐक

परीक्षणं लिहायची घाई करू नकोस गं. आधी आपल्या सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात बैठक मार. आमच्या वेळी समीक्षा म्हणजे रस, अलंकार, फार तर रूपबंध, म्हणजे कलाकृतीची घडण. आता देशीवाद, म्हणजे आपल्या मातीतल्या परंपरेच्या निकषांवर साहित्य जोखणं, स्त्रीवाद, अनुवाद-अभ्यास, सगळंच आलंय. पण सिद्धान्त आधी ठरवून पुस्तक नंतर उघडलंस की फसलीस. दलित लेखक-समीक्षक शरणकुमार लिंबाळे आपल्याच जिल्ह्यातल्या हन्नूरचे. दलित साहित्य आनंदाच्या मापानं मोजता येत नाही, हे त्यांनी १९९६ सालच्या 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' या पुस्तकात मांडलं. ते खोडून काढायचा प्रयत्न करत वाच, मग कळेल. तेलुगू, कन्नड, उर्दू रोज कानावर पडतात तुझ्या, त्यातली एक लिपी शीक. प्राध्यापकीसाठीची नेट-सेट परीक्षा दे, पोटासाठी. आणि मित्राच्या कवितासंग्रहावर लिहू नकोस. मी खरं लिहिलं, चहा बंद झाला.